उसाचं काहीच वाया जात नाही, मग कोयत्याच्या वाट्याला काय?

२०२५ च्या पावसाळ्यात ई-२० पेट्रोलवरून जो गदारोळ झाला तो आठवत असेल. गाडीचं ॲव्हरेज पडतं का, जुन्या गाडीच्या रबरी नळ्या टिकतात का, असल्या प्रश्नांवर व्हॉट्सॲप ग्रुपांत लोक हमरीतुमरीवर आले होते. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते अलीकडे ओढून देशाने २०२५ मध्येच गाठलं. या इथेनॉलच्या कौतुकात एक शब्द हमखास येतो, तो म्हणजे चक्रीय अर्थव्यवस्था.

शब्द भारदस्त आहे. ऐकणाऱ्याला एवढंच कळतं की काहीतरी पर्यावरणाचं चाललंय आणि ते चांगलं असावं. त्याचा माणसाच्या जगण्याशी, म्हणजे तब्येत, शाळा आणि हातात पडणारा पैसा यांच्याशी संबंध काय, हा प्रश्न मात्र बाजूला राहतो. तो समजून घ्यायचा तर महाराष्ट्रात साखर कारखान्यासारखं दुसरं उदाहरण नाही. वस्तूंचं चक्र इथे जवळपास पूर्ण झालंय. त्या चक्राच्या पहिल्या टोकाला उभ्या असलेल्या माणसांचं काय झालंय, तेही इथे उघड दिसतं.

आधी चक्र म्हणजे काय ते बघू

नेहमीचा व्यवहार सरळ रेषेत चालतो. जमिनीतून काहीतरी काढायचं, त्याची वस्तू करायची, वापरायची, फेकायची. चक्रीय अर्थव्यवस्थेत ही रेषा वळवून पुन्हा सुरुवातीला आणायची असते. एकाचा टाकाऊ माल दुसऱ्याचा कच्चा माल व्हावा, वस्तू जास्तीत जास्त काळ वापरात राहावी आणि शेवटी कचरापेटीत पडायला फारसं काही उरूच नये.

"म्हणजे रिसायकलिंगच ना?" हा प्रश्न लगेच येतो. नाही, रिसायकलिंग ही त्यातली बरीच खालची पायरी. रात्रीचा भात उरला असं समजा. सकाळी फोडणी घातली की तो पुन्हा जेवण झाला. कोणी खाल्ला नाही तर गाईपुढे गेला, तेही नाही तर खताच्या खड्ड्यात. भात तिन्ही वाटांनी सत्कारणीच लागला, पण दर पायरीला त्याची किंमत उतरत गेली. चक्रीय अर्थव्यवस्थेचा सगळा खटाटोप वस्तू शक्य तितक्या वरच्या पायरीवर ठेवण्याचा आहे. दुरुस्ती, पुनर्वापर, भाड्याने वापर हे वर आणि वितळवून नवं करणं खाली.

पण या भाताच्या गोष्टीत एक प्रश्न कोणी विचारत नाही. ज्या घरात शिताचाही नास होत नाही, त्या घरात शिळं रोज कोणाच्या ताटात पडतं? बहुतेक घरांत उत्तर एकच असायचं, सगळ्यांत शेवटी जेवणाऱ्या सुनेच्या. घराची काटकसर खरीच होती, पण तिची किंमत एकच माणूस मोजत होतं. पुढचा सगळा लेख या प्रश्नाभोवती आहे.

एक टन ऊस गव्हाणीत पडला की

कारखान्याच्या गव्हाणीत, म्हणजे ऊस गाळायला टाकतात त्या जागी, एक टन ऊस पडला की त्यातून साधारण शंभर किलो साखर निघते. उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, चांगला असेल तर थोडी जास्त. उसाचा निम्म्याहून बराच अधिक भाग पाणीच असतं. उरलेल्यात काय काय असतं आणि त्याचं काय होतं, ते बघण्यासारखं आहे.

रस काढल्यावर मागे राहणारं चिपाड, कारखान्याच्या भाषेत बगॅस, टनामागे २८० ते ३०० किलो निघतं. ते बॉयलरमध्ये जळतं, त्यावर वाफ होते, वाफेवर कारखाना चालतो आणि उरलेली वीज ग्रीडला विकली जाते. यालाच सहवीजनिर्मिती म्हणतात. साखर काढून झाल्यावर राहणारी चिकट काळी मळी चाळीस-पंचेचाळीस किलो. ती आंबवून, ऊर्ध्वपातन करून इथेनॉल होतं. अगदी शेवटच्या मळीतूनही उसाच्या टनामागे नऊ-दहा लिटर मिळतं. मळी आधीच्या टप्प्यावर वळवली, किंवा थेट रसच वापरला, तर पुष्कळ जास्त, पण मग तेवढी साखर कमी होते. म्हणूनच डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी पडून साखरेची चिंता वाटू लागली, तेव्हा केंद्राने रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले होते.

रस गाळताना निघणारा गाळ म्हणजे प्रेसमड. त्याचं खत होतं आणि अलीकडे त्यातून बायोगॅस काढून वाहनांसाठी वापरायचे प्रकल्पही उभे राहतायत. इथेनॉल करताना उरणारं काळंकुट्ट सांडपाणी, ज्याला स्पेंटवॉश म्हणतात, पूर्वी ओढ्या-विहिरींत जायचं आणि आसपासची गावं वासाने हैराण व्हायची. आता ते आटवून जाळतात आणि त्याच्या राखेत पालाश असल्यामुळे ती राख खत म्हणून विकली जाते. म्हणजे रानातून उसाबरोबर गेलेलं पालाश फिरून रानात येतं. कागदावर यापेक्षा देखणं चक्र सापडणं अवघड.

प्रत्यक्षात प्रत्येक कारखान्यात हे असंच चालतं असं नाही. ज्यांच्याकडे आसवनी, म्हणजे मळीपासून इथेनॉल करायचा विभाग, नाही ते मळी विकतात, आणि सांडपाण्याच्या तक्रारी अजूनही येतात. पण दिशा पक्की झाली आहे, पैसाही त्याच दिशेने चाललाय.

माणसाचा विकास मोजतात कसा?

१९९० पर्यंत देशाची प्रगती म्हणजे ढोबळमानाने देशाचं उत्पन्न. त्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने पहिला मानव विकास अहवाल काढला. त्यामागे पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक होते आणि अमर्त्य सेन यांचा विचार त्याच्या मुळाशी होता. म्हणणं साधं होतं: पैसा किती आला यापेक्षा माणूस काय करू शकतो आणि काय होऊ शकतो, ते बघा. त्यासाठी तीन गोष्टी मोजायच्या ठरल्या. माणूस किती वर्षं निरोगी जगतो, किती शिकतो आणि त्याचं राहणीमान काय. २०२५ च्या अहवालात भारत १९३ देशांत १३० वा आहे.

वर सांगितलेल्या देखण्या चक्रावर ही तीन मापं लावायची आहेत. टनामागे किती वीज झाली याचं उत्तर कारखान्याच्या अहवालात मिळतं. टनामागे कोणाचं आयुष्य किती सुधारलं, याचं उत्तर शोधायला रानात जावं लागतं.

कोयता

ऊसतोडीच्या धंद्यात 'कोयता' हे हत्याराचं नाव आहे आणि माणसांच्या जोडीचंही. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. दिवाळीच्या आगेमागे बीड, जालना, परभणी, अहिल्यानगरचा पाथर्डी-शेवगावकडचा भाग, धाराशिव, लातूर, नांदेड इथून कोयते निघतात आणि सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुण्याकडे, काही कर्नाटक-गुजरातपर्यंत जातात. आकड्यांवर एकमत नाही, पण अंदाज आठ-दहा लाख माणसांच्या घरात जातो.

निघण्याआधी मुकादमाकडून, म्हणजे मजूर जमवणाऱ्या मध्यस्थाकडून, उचल घेतलेली असते, म्हणजे आगाऊ पैसे. लग्न, दवाखाना, घराची डागडुजी, आधीचं देणं, असा तो पैसा निघण्यापूर्वीच संपतो. मग हंगामभर तोडायचं ते उचल फेडायला. ऊस कमी तुटला, हंगाम लवकर आटोपला, कोणी आजारी पडलं, तर फिटत नाही आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जाणं भाग पडतं.

रानातलं काम जवळून बघितलं की चक्राच्या आकृतीतला पहिला बाण काय असतो ते कळतं. पहाटे अंधारात फडात शिरायचं. पुरुष बुडातून ऊस तोडतो, पाचट सोलतो. पाचटाची कड धारदार असते, हातावर, गालावर बारीक चिरा पडतात. बाई तोडलेला ऊस गोळा करून मोळी बांधते आणि बांधायला दोरी नसते, वाढंच पिळून त्याचा बंध करतात. मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून चढायचं, वर टाकायची, उतरायचं, पुन्हा. वाहन रात्री अकराला आलं तर रात्री अकराला भरायचं. गरोदर बायाही भरतात.

वाढं म्हणजे उसाच्या शेंड्याकडचा हिरवा पाला. त्यात फारशी साखर नसते, म्हणून कारखान्याला तो नको असतो. मजूर त्याच्या पेंढ्या बांधून जनावरांच्या चाऱ्यासाठी विकतात आणि त्यावर आठवड्याचं मीठ-मिरची होतं. चिपाडाची वीज, मळीचं इथेनॉल, गाळाचा गॅस, राखेचं खत एवढा पसारा, आणि मजुराच्या हाताला लागणारा उपपदार्थ हा एवढाच. त्यातही काही ठिकाणी रानमालक आपला हिस्सा मागतो.

आता तिन्ही मापं लावू. आरोग्याचं माप आधी, कारण ते सगळ्यांत भयंकर आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. राज्य सरकारने समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींच्या गर्भपिशव्या काढलेल्या होत्या. कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत. खोपीत न्हाणी नाही, संडास नाही, पाणी लांब, त्यातून संसर्ग. पाळीच्या दिवसांत काम थांबलं तर खाडा, आणि खाड्याला दंड. खासगी दवाखान्यात 'पिशवी काढून टाका, कटकट मिटेल' असा सल्ला. ऑपरेशनचा खर्च पुन्हा उचलीतून. ऐन तिशीत गर्भपिशवी गेली की पुढे हाडं, कंबर, पाठ यांची दुखणी मागे लागतात आणि मोळी तर उचलावीच लागते.

शिक्षणाचं माप. शाळेचं दुसरं सत्र आणि उसाचा हंगाम एकाच वेळी चालतात. मूल बरोबर नेलं तर शाळा बुडते, गावी ठेवलं तर म्हाताऱ्या आजी-आजोबांवर भार. मजुरांच्या मुलांसाठी कारखान्यांजवळ साखरशाळा आल्या, नंतर हंगामी वसतिगृहं आली, ती जिथे नीट चालतात तिथे मुलं टिकतात. मुलगी वयात आली की मात्र आई-बाप तिला मागे ठेवायला धजावत नाहीत, आणि लग्न लावून दिलं की एक नवा कोयता तयार होतो, त्याला वेगळी उचल मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. बीडमध्ये हाच आकडा ४४ टक्क्यांच्या आसपास होता.

राहिलं उत्पन्न. जानेवारी २०२४ मध्ये बरीच ओढाताण होऊन तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि टनाला साडेतीनशेच्या थोडं पुढे दर गेला. हा दर एकट्याचा नाही, जोडीचा. त्यात पगारी सुट्टी नाही, भविष्य निर्वाह निधी नाही. मालक कोण, कारखाना की मुकादम, यावरच इतकी वर्षं घोळ आहे. कारखाना म्हणतो आमचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदार मुकादमाकडे बोट दाखवतो, आणि मुकादम तर गावातलाच, बहुतेकदा भावकीतला.

"पण कारखान्यांनीच तर गावं उभी केली!"

हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा केला, १९५० च्या सुमारास तिथे पहिलं गाळप झालं. पुढे कारखान्याभोवती शाळा, महाविद्यालयं, रुग्णालयं झाली. वारणानगरसारख्या ठिकाणीही तेच झालं. शेतकऱ्याचा मुलगा इंजिनियर झाला, मुलगी डॉक्टर झाली. मानव विकासाची तिन्ही मापं तिथे वर गेली.

का गेली, हे विचारायला हवं. ऊस तर इंग्रजांच्या काळातल्या खासगी कारखान्यांतही गाळला जात होता. फरक होता तो भागभांडवलाचा. ऊस पिकवणारा हाच सभासद, सभासद हाच मालक, त्यामुळे नफ्यातली काही रक्कम परत त्याच्याच गावात यायची. आजही कायद्याने शेतकऱ्याला उपपदार्थांत वाटा आहे. साखर धंद्यासाठी केंद्राने नेमलेल्या रंगराजन समितीने सुचवलेलं महसूल वाटपाचं सूत्र महाराष्ट्राने २०१३ च्या कायद्याने स्वीकारलं. साखर, बगॅस, मळी आणि प्रेसमड यांच्या उत्पन्नातला ७० टक्के हिस्सा उसाचा दर म्हणून शेतकऱ्याकडे यावा, असा त्याचा गाभा. अंमलबजावणीवर भांडणं आहेत, इथेनॉलच्या पैशाचा हिशेब कसा धरायचा यावर आंदोलनं होतात. पण भांडायला हातात सूत्र आहे.

तोडणाऱ्याकडे असं कोणतंही सूत्र नाही. चिपाडाला पूर्वी किंमत नव्हती, ढीग पडून असायचे, तेव्हाही त्याला टनावर मजुरी होती. आता चिपाडाची वीज विकली जाते, तरी मजुरी टनावरच. चक्रातून किंमत वाढत गेली तशी ती वाटेकऱ्यांत वाटली गेली, आणि तोडणारा वाटेकरी कधीच नव्हता. माझ्या मते चक्रीय अर्थव्यवस्था आणि मानव विकास यांचं सगळं नातं या एका गाठीत आहे. चक्र फिरलं म्हणून माणसं आपोआप वर येत नाहीत. ज्यांचा त्यात हिस्सा लिहिलेला असतो, ती येतात.

याच्या उलट काही घडलंय का?

घडलंय, पुण्यात, आणि तेही कचऱ्यात. १९९३ साली पुण्यातल्या कचरावेचक बायांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन केली. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या आणि हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव त्यांच्याबरोबर होते. या बाया बहुतांश दलित, त्यातल्या कितीतरी कुटुंबांनी १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा सोडलेला. म्हणजे जिथून कोयते निघतात, तिथलीच माणसं.

त्यांनी आधी मिळवलं ते ओळखपत्र. पोलिसाने हटकलं की दाखवायला कागद. पुढे पुणे महापालिकेशी करार होऊन २००८ पासून 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करू लागली. त्यात दोन गोष्टी ठरल्या. घराघरातून सेवेचं शुल्क मिळेल, आणि वेचलेला सुका माल विकायचा हक्क वेचणारीचा राहील.

या दोन गोष्टींचा एकत्र परिणाम काय होतो ते नीट समजून घ्या. भंगाराचा भाव कोणाच्या हातात नसतो. जगात कच्चं तेल स्वस्त झालं की नवं प्लास्टिक स्वस्त होतं आणि जुन्या बाटलीला गिऱ्हाईक उरत नाही. नुसत्या भंगारावर जगणारी बाई त्या महिन्यात उपाशी. घरटी शुल्क असेल तर चूल पेटते. शिवाय उकिरड्यातून वेचण्याऐवजी दारातून वेगळा केलेला कचरा हातात आला की काचेने हात कापायचं प्रमाण कमी होतं, माल स्वच्छ असल्याने भावही बरा मिळतो. सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायची मोहीम याच बायांनी चालवली, कारण उघड्या पॅडला हात लावावा लागणं हा त्यांच्यासाठी रोजचा अपमान होता आणि रोजचा धोकाही.

सगळं आलबेल आहे असं नाही. करार संपत आला की दर वेळी धाकधूक, ठेकेदारांच्या गाड्या टपलेल्याच, आणि 'आम्ही मिळकतकर भरतो, मग यांना वेगळे पैसे का' हा सोसायट्यांचा प्रश्न कायमचा. त्याचं उत्तर एका ओळीत देता येतं: मिळकतकरात आलेला पैसा रस्ते, दिवे, नाले यांवर जातो, आणि तुमच्या चौथ्या मजल्यावरच्या दारातून बादली उचलणं ही वेगळी सेवा आहे. पण मुद्दा तो नाही. वस्तूंचं चक्र म्हणून बघितलं तर पुण्याचा कचरा साखर कारखान्यापेक्षा कितीतरी विस्कळीत. चिप्सच्या पाकिटासारख्या मालाला सहसा गिऱ्हाईक मिळत नाही. तरी तिथल्या बाईचा हिस्सा कागदावर आहे, म्हणून तिची मुलं दहावीच्या पुढे गेलेली दिसतात.

"मजुरी वाढवली तर साखर महाग होईल"

हिशेब करून बघू. एका टनातून शंभर किलो साखर. तोडणीचा दर टनाला शंभर रुपयांनी वाढवला आणि सगळा बोजा साखरेवरच टाकला, वीज-इथेनॉलवर काहीच नाही, तरी किलोमागे एक रुपया. चौघांच्या घरात महिन्याला चार-पाच किलो साखर लागत असेल तर चार-पाच रुपये.

अडचण ग्राहकाच्या खिशाची नाहीच, मधल्या रचनेची आहे. केंद्र सरकार उसाला एफआरपी ठरवतं, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान दर. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३५५० रुपये ठरला होता. पण महाराष्ट्रात तोडणी आणि वाहतुकीचा खर्च या रकमेतून कापला जातो, अनेक ठिकाणी सातशे-नऊशे रुपये. म्हणजे मजुराचे शंभर रुपये वाढले की ते थेट शेतकऱ्याच्या बिलातून जातात. दोन एकरवाला शेतकरी आणि कोयतेवाला यांना एकमेकांसमोर उभं करणारी ही व्यवस्था आहे. कारखान्यांचंही म्हणणं आहे की साखरेची किमान विक्री किंमत २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरली, त्यानंतर एफआरपी वाढत गेली आणि तफावत आम्ही सोसली. त्यात तथ्य आहे. पण मग उपपदार्थांचा वाढता पैसा या भांडणात मोजायचा की नाही, हे आधी ठरवायला हवं.

एक बारीकशी सुरुवात झाली आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनाला दहा रुपये द्यायचे आणि तेवढेच राज्याने घालायचे असं ठरलं. त्यातून मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना आली. दहा रुपये म्हणजे काहीच नाही, असं कोणी म्हणेल. मला त्यातली रक्कम कमी महत्त्वाची वाटते. गाळप झालेल्या प्रत्येक टनाशी मजुराचं नाव पहिल्यांदा जोडलं गेलं, हे मोठं आहे. उद्या हीच पट्टी विजेच्या युनिटला किंवा इथेनॉलच्या लिटरला लावता येईल.

"यंत्रं आली की प्रश्नच मिटेल"

हार्वेस्टर आले आहेत, सरकार अनुदान देतंय, आणि मजूर मिळत नाहीत म्हणून कारखान्यांना ते हवेही आहेत. डोक्यावर मोळी घेऊन फळी चढण्याचं काम कोणाच्याही वाट्याला राहू नये, हे बरोबरच. पण यंत्राने काम संपतं, त्या माणसाचं पोट संपत नाही. लहान तुकड्यांच्या, चिखलाच्या, आडव्या पडलेल्या उसाच्या रानात यंत्र जात नाही, म्हणजे सोपे फड यंत्राकडे आणि अवघड फड कोयत्याकडे, त्याच दरात.

यंत्र चालवणारा, दुरुस्त करणारा, पाचटाचे गठ्ठे बांधणारा माणूस लागणारच आहे. पाचट जाळण्याऐवजी रानातच कुजवलं तर जमिनीचा कस सुधारतो, जमा केलं तर तेही इंधन आहे. ही नवी कामं बीडमधल्या शिरूर कासार किंवा वडवणीच्या पोराला मिळतील अशी व्यवस्था आत्ता केली तर यंत्र त्याच्या उपयोगाचं. नाहीतर त्याचा कोयता जाईल आणि तो शहरातल्या बांधकामावर उचल घेऊन उभा राहील.

चक्राला पडलेलं भोक

आतापर्यंत मी एक गोष्ट मुद्दाम मागे ठेवली. चिपाड फिरतं, मळी फिरते, राख फिरते. पाणी मात्र शेतात जिरून आणि हवेत उडून जातं, ते कारखान्याच्या हिशेबात येतच नाही. कृषी मूल्य आयोगाने नोंदवलंय की महाराष्ट्रात लागवडीखालच्या चार टक्क्यांहून कमी क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचं जवळपास सत्तर टक्के पाणी घेतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल आराखड्यात उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे २८६० लिटर पाणी धरलंय.

उपपदार्थांना जितका चांगला भाव, तितका ऊस लावणं सुरक्षित. म्हणजे चक्र जितकं कार्यक्षम, तितकं ते पसरतं आणि पाण्याला पडलेलं भोक मोठं होतं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्याच मराठवाड्यात ऊसही उभा होता आणि कारखानेही. विहीर आटलेल्या गावातून कोयते निघतात आणि जिथे पाटाचं पाणी आहे तिथला ऊस तोडतात. देशात आता निम्म्याहून अधिक इथेनॉल मका आणि इतर धान्यांपासून होऊ लागलंय, त्यामुळे उसावरचा भार थोडा हलका होईलही. ठिबक सक्तीची घोषणाही अनेकदा झाली आहे, तिचं पुढे काय होतं ते आपण जाणतो.

मग वाचणाऱ्याने करायचं काय?

महाराष्ट्रात दोनशेच्या आसपास कारखाने गाळप करतात, त्यातले बरेच सहकारी. हा लेख वाचणाऱ्या कितीतरी जणांच्या घरात वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर एखाद्या कारखान्याचा शेअर असेलच. सवलतीच्या साखरेपलीकडे त्याचा उपयोग आपण करत नाही. सप्टेंबरच्या सुमाराला वार्षिक सभेची नोटीस येते, बरोबर छापील अहवाल येतो. त्यात वीज किती विकली, इथेनॉल किती झालं, याचे रंगीत तक्ते असतात. आणि मागच्या बाजूला ताळेबंदात 'तोडणी व वाहतूक खर्च' अशी एकच ओळ असते, कोट्यवधींची. त्या ओळीत वाहनाचं डिझेल आहे, मुकादमाचं कमिशन आहे, बुडालेल्या उचली आहेत आणि कुठेतरी कोयत्याची मजुरीही आहे. ती ओळ फोडून मागा. मजुरीचा आकडा वेगळा, कमिशनचा वेगळा, फडावर किती न्हाण्या आणि फिरते संडास दिले त्याचा वेगळा. सभा आटोपशीर करण्याची अध्यक्षांना घाई असते, त्यामुळे प्रश्न आठ दिवस आधी लेखी देऊन पोच घेतलेली बरी.